मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमानात किती तास, आणि घरातून घरापर्यंत खरंखुरं किती

घरात कुणाचंही अमेरिकेचं तिकीट निघालं की त्याची पीडीएफ आधी माझ्या व्हॉट्सअपवर येते. का ते विचारू नका, चार वेळा जाऊन आले एवढीच माझी पात्रता. मागच्या डिसेंबरात मामांचं तिकीट आलं. मामा-मामी पहिल्यांदाच निघाले होते, त्यांची लेक न्यूजर्सीतल्या एडिसनला असते तिच्याकडे. पीडीएफच्या पाठोपाठ मामांचा फोन, "अगं, रात्री दीडला निघून सकाळी सातला पोचतंय. साडेपाच तासच की! आपली कोल्हापूरची एसटी पण एवढे घेते."

मामा आयुष्यभर बँकेत हिशेब बघून रिटायर झालेले, त्यांची वजाबाकी चुकत नाही. पण इथे चुकली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाची इथेच चुकते. म्हणून मामांना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं घेतलंय, पण रीत कुठल्याही लांबच्या दोन शहरांना चालते.

पायरी १: आधी अंतर स्वतः मोजा

कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा. मुंबई एअरपोर्टवर राइट क्लिक करा, त्यात 'मेझर डिस्टन्स' (Measure distance) दिसेल ते निवडा, मग नकाशा सरकवत सरकवत न्यूयॉर्कला जा आणि तिथे क्लिक करा. आकडा १२,५०० किलोमीटरच्या आसपास येईल, तुम्ही नेमकं कुठे टिचकी मारता त्यावर थोडं इकडेतिकडे. मैलात धरलं तर ७,८०० च्या जवळपास. विमानवाल्यांचं स्वतःचं माप नॉटिकल मैल, तो १.८५२ किलोमीटरचा असतो, त्यात ६,७५० च्या आसपास. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसले तर घाबरू नका, आधी पुढे काय लिहिलंय ते बघा, किमी की मैल की नॉटिकल मैल.

आता गंमत म्हणजे गूगलने काढलेली ती रेघ सरळ नसते, वरच्या बाजूला चांगली कमानीसारखी वाकलेली असते, आणि मामांचा पुढचा प्रश्न तोच होता, की सरळ जायचं सोडून हे वळसा का घालतात, पेट्रोल फुकट येतं का?

वळसा नाहीये तो. घरात पोराबाळांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्या आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणला की तो आपोआप वर सरकतो. सिंधवरून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिमेचा कोपरा, मग मॉस्कोच्या बाजूने रशिया, फिनलंड-स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडा आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. सगळ्यात उत्तरेला हा दोरा ६५ अंशांच्या जवळ जातो, म्हणजे आर्क्टिक सर्कल अगदी हाताच्या अंतरावर. गोलावरचा जवळचा रस्ता हाच. याला ग्रेट सर्कल म्हणतात.

याउलट भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती सौदी, इजिप्त, अल्जीरिया अशी जाऊन अटलांटिकमध्ये शिरते आणि दिसायला एकदम सरळसोट दिसते, पण त्या रेघेवरून विमान नेलं तर १४,००० किलोमीटरच्या वर पडतं. म्हणजे दीड हजार किलोमीटर जास्तच. मुंबई-दिल्ली विमानाचं अंतर साधारण १,१५० आहे, त्याहून जास्त फुकट फिरायचं. मामांना हे फोनवर पटलं नाही, मग संध्याकाळी नातवाचा गोल आणि मामींचा काळा दोरा घेऊन बसले आणि रात्री मला फोटो पाठवला, खाली फक्त "बरोबर आहे तुझं."

पायरी २: अंतरावरून तास काढा

मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. पण चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंतचा वेळ धरला तर धावपट्टीकडे रांगेत सरकणं, वर चढणं, शेवटी खाली उतरणं, गेटपर्यंत जाणं, हे सगळं त्यात येतं. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती याच हिशेबाने, गेटपासून गेटपर्यंत, फक्त हवेतली नाही. म्हणून माझा घरगुती फॉर्म्युला असा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि वर पाऊण तास टाका.

मुंबई-दिल्लीवर करून बघा, १,१५० भागिले ८५० म्हणजे एक तास एकवीस मिनिटं, अधिक पाऊण तास, दोन तास आणि वर थोडं. तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास असतं. जमतंय. आता मुंबई-न्यूयॉर्क: १२,५०० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा तासांच्या जवळ, अधिक पाऊण, झाले साडेपंधरा.

पण जाताना त्यात अजून अर्धा-एक तास धरा आणि येताना उलट एखाद तास कमी करा. कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर अगदी आरामात, हिवाळ्यात त्याहून जास्त पण. अमेरिकेला जाताना तो वारा समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर नकाशा लावला की 'ग्राउंड स्पीड' दिसतो तो बघत बसा, जाताना ८२०-८५० असा रडतखडत आणि येताना कधी कधी हजाराच्या वर. त्यामुळे जाताना साधारण सोळा तास आणि येताना साडेचौदाच्या आसपास, असं नॉनस्टॉपचं धरून चाला.

इथे एक जण हमखास म्हणतो की पृथ्वी फिरते ना, मग विमान वर नुसतं थांबलं तरी न्यूयॉर्क खाली येईल. आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकांचं तर हे आवडतं शास्त्र आहे. पण हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या लोकलमध्ये तुम्ही उडी मारली तर मागच्या डब्यात पडत नाही, तसंच.

पायरी ३: आकाश उघडं आहे का बघा

तो दोरा आठवा, सिंध-अफगाणिस्तान-रशियावाला. कागदावर तो सगळ्यात जवळचा, पण प्रत्यक्षात त्यावरून जाता येईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, २०१९ मध्ये पण फेब्रुवारी ते जुलै बंद होतं. असं झालं की भारतीय विमान अरबी समुद्रावरून खालून वळसा घालून जातं आणि वेळ वाढतो. रशियाचं उलटं, २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांवर ती बंदी नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर एकाच दिवशी दोन कंपन्यांना वेगवेगळं पडतं!

म्हणून मैत्रिणीच्या सासूबाई तीन वर्षांपूर्वी किती तासांत गेल्या होत्या याला आज काही अर्थ नाही. त्यापेक्षा हे करा: फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तुमच्या तिकिटावरचा फ्लाइट नंबर टाका, मागच्या सात दिवसांचा इतिहास फुकट दिसतो, कधी निघालं, कधी पोचलं, कुठल्या वाटेने गेलं. सातच्या सात दिवस जर एक तास उशिराच पोचलं असेल तर तुम्ही पण एक तास उशिराच पोचणार, उगाच घ्यायला येणाऱ्याला थंडीत उभं करू नका.

आणि 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हे दोन शब्द एक नाहीत. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मध्ये कुठेतरी उतरू शकतं. रस्ता लांबला की काही विमानं युरोपात मध्येच उतरून इंधन भरतात, तुम्ही सीटवरच बसून राहता, दोनेक तास जातात. बुकिंगच्या वेळी 'स्टॉप्स' समोर शून्य आहे का १ हे डोळ्यांनी वाचायचं, एजंट फोनवर डायरेक्ट म्हणाला एवढ्यावर जायचं नाही.

पायरी ४: तिकिटावरच्या वेळा वाचा (इथे घाई करू नका)

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. नियम एकच आहे, तिकिटावर जी वेळ ज्या शहरासमोर लिहिलेली असते ती त्या शहराच्या घड्याळाची. निघायची वेळ मुंबईची, पोचायची वेळ न्यूयॉर्कची. म्हणून मामांची साडेपाच तासांची वजाबाकी चुकली, त्यांनी दोन वेगवेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली.

फरक किती? अमेरिकेत घड्याळ वर्षातून दोनदा सरकवतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. आपलं भारतात वर्षभर एकच. त्यामुळे न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास.

साडेदहा तास वजा करणं डोक्यात जड जातं, त्याची युक्ती सांगते. हिवाळ्यात भारताच्या वेळेत दीड तास मिळवा आणि सकाळची रात्र, रात्रीची सकाळ करा. पुण्यात रात्रीचे आठ वाजलेत, दीड मिळवले साडेनऊ, उलटं करा, न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ. उन्हाळ्यात दीडऐवजी अडीच मिळवा. बास. आमच्या मामी आता हे बोटांवर करतात आणि लेकीला कधी फोन करायचा ते मला विचारत नाहीत.

आता मामांचं तिकीट. १४ जानेवारी, रात्री १:३० ला मुंबई. पोचणार १४ जानेवारी, सकाळी ७:००. सकाळी सात तिकडचे म्हणजे इकडचे किती? साडेदहा मिळवा, संध्याकाळचे साडेपाच. रात्री दीड ते संध्याकाळी साडेपाच, सोळा तास. पायरी २ मध्ये काढलेल्याशी जुळलं. आणि जानेवारीत हा जवळपास सगळा प्रवास अंधारातच होतो बरं का, विमान पश्चिमेला पळत असतं आणि सकाळ मागून येत असते, ती गाठतच नाही, उतरलात तरी न्यूयॉर्कला नुकतं कुठे फटफटतंय. मामी उतरल्यावर म्हणाल्या की एवढी लांब रात्र आयुष्यात पाहिली नाही, बाळंतपणाची सोडून.

येताना उलटं. तिकडून दुपारी ४ ला निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ ला. कॅलेंडर बघून २५ तास वाटतात, पण दुपारचे ४ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच, तिथून संध्याकाळी पाच, साडेचौदाच. पोचायच्या वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात '+१' लिहिलेलं असतं, ते म्हणजे दुसरा दिवस. ते इतकं बारीक असतं की चष्मा लावूनच बघा, घ्यायला येणारा माणूस आदल्या दिवशी येऊन बसू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री १२ नंतरच्या विमानाची तारीख.

मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. १४ तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे तुम्ही घरातून १३ तारखेला निघायचं. आपल्या बोलण्यात रात्रीचा दीड हा आदल्या दिवसाचाच असतो, "१४ ला रात्री" म्हटलं की डोळ्यासमोर १४ चं जेवणखाण झाल्यानंतरची रात्र येते, पण ती १५ तारीख असते. आमचे मावशीचे यजमान, शिकलेले, सरकारी नोकरीत अधिकारी होते, ते बरोबर चोवीस तास उशिरा पोचले. बॅगा, हार, पेढे, सोडायला आलेले सहा जण, आणि गेटवर जवान तिकीट बघून शांतपणे म्हणाला, "साहब, ये तो कल का है." हसायला येतं आता, त्या रात्री कुणी हसलं नव्हतं, नवीन तिकिटाला जे पैसे गेले त्यात घराला रंग झाला असता. तेव्हापासून मी प्रत्येकाला तारीख बोलून घ्यायला लावते: "१३ तारखेला, मंगळवारी संध्याकाळी घर सोडायचं." विमान कधी आहे ते फ्रिजवर लिहूच नका, घर कधी सोडायचं ते लिहा.

पायरी ५: नॉनस्टॉप की थांबा घेऊन

लोकांना वाटतं मध्ये दुबई घेतली म्हणजे अंतर खूप वाढतं. नाही वाढत. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या थोडं वर, बेरीज तेराएक हजार. सरळ जाण्यापेक्षा चार-पाचशे किलोमीटर जास्त. लंडनवरून तर त्याहून कमी, ७,२०० आणि ५,५५० च्या आसपास. वाढतो तो वेळ, आणि तो जमिनीवर वाढतो.

समजा मुंबईहून पहाटे ४:३० ला निघालात, सव्वातीन तासांनी दुबई, तिथल्या घड्याळात सव्वासहा. साडेआठचं पुढचं विमान, म्हणजे सव्वादोन तास हातात. मग सव्वाचौदा तास, न्यूयॉर्क दुपारी पावणेदोन. सगळं मिळून पावणेवीस तास, नॉनस्टॉपपेक्षा पावणेचार जास्त. तिकीट बऱ्याचदा स्वस्त मिळतं आणि मध्ये पाय मोकळे होतात. ज्यांचे गुडघे सलग सोळा तास बसून धरतात त्यांना मी थांबाच सुचवते, ज्यांना मोठ्या एअरपोर्टवर गेट शोधायचं टेन्शन येतं त्यांना नॉनस्टॉप. मामांना गुडघे पण होते आणि टेन्शन पण, शेवटी टेन्शन जिंकलं.

थांबा घेतलात तर या गोष्टी बघा. सव्वादोन तास ऐकायला भरपूर वाटतात, पण पहिलं विमान पाऊण तास उशिरा गेलं, गेट लांब असलं, परत सिक्युरिटीची रांग लागली की दमछाक होते, पुढच्या विमानात चढणं वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. वयस्कर माणसांना तीन-चार तास ठेवा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असू देत, म्हणजे पहिलं लेट होऊन दुसरं सुटलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं, आणि बॅगा पण परस्पर पुढे जातात. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडलीत तर सुटलेलं विमान तुमचं नशीब. तिसरं, ज्या देशात थांबता तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढायच्या आधी विमान कंपनीला विचारा.

अबूधाबीवरून गेलात तर एक वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, विमानात बसायच्या आधी. २०१४ पासून आहे हे. म्हणजे अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या तिथे प्रवास करणाऱ्यांसारखे सरळ बाहेर, पण त्यामुळे अबूधाबीत वेळ जास्त हवा, दोन तासांच्या थांब्यात जीव मेटाकुटीला येतो.

दिल्लीवरून जायचं असेल आणि डिसेंबर-जानेवारी असेल तर धुकं लक्षात ठेवा. सकाळची विमानं तासन् तास अडकतात. आदल्या संध्याकाळी दिल्लीत पोचलेलं बरं.

न्यूयॉर्कच्या पुढे अजून एखादं शहर असेल, शिकागो, डॅलस वगैरे, तर अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅगा पण तिथेच उचलून, कस्टममधून काढून परत पट्ट्यावर द्याव्या लागतात. तिथे तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका.

पायरी ६: एअरपोर्ट कुठलं ते वाचा

मामांचा दुसरा फोन यासाठीच होता, घाबरून. "अगं, यावर न्यूयॉर्क नाहीच लिहिलेलं, न्यूअर्क लिहिलंय, चुकीचं तिकीट काढलं वाटतं पोरीने!" पोरीने बरोबर काढलं होतं. न्यूयॉर्कला तीन मोठी एअरपोर्टं, जेएफके, लागार्डिया आणि न्यूअर्क. न्यूअर्क आहे नदीपलीकडे न्यूजर्सीत, आणि एडिसन, जर्सी सिटी वगैरे, जिथे आपली इतकी माणसं राहतात, ते सगळं त्याच बाजूला. एडिसन न्यूअर्कहून तीसेक किलोमीटर, जेएफकेहून साठच्या वर आणि मध्ये न्यूयॉर्कचा ट्रॅफिक आणि टोल. तिकीट थोडं स्वस्त आहे म्हणून जेएफके घेऊन जावयाला दोन तास गाडी चालवायला लावू नका.

इकडे पण आता बघावं लागतं. मुंबईचं इंटरनॅशनल टर्मिनल २, आपण अजून सहारच म्हणतो, आणि सांताक्रूझचं टर्मिनल १ वेगळं, दोन्हींमध्ये गाडीने जावं लागतं. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ चालू झालंय, ते पनवेल-उलव्याकडे. कॅबवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगू नका.

पायरी ७: आता खरा हिशेब, घरातून घरापर्यंत

कागद घ्या आणि सगळं भारतीय वेळेत लिहा, तिकडच्या वेळा अजिबात नकोत. मामांचा हिशेब असा झाला.

कोथरूडहून मुंबई एअरपोर्ट दीडशेएक किलोमीटर. रिकाम्या रस्त्याला तीन तास, पण घाटात एखादा ट्रक बंद पडला, शुक्रवारची संध्याकाळ असली, पावसाळा असला की पाच पण लागतात. साडेचार धरले. विमान दीडचं, चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, काहींचं सव्वा तास आधी. बॅगा, इमिग्रेशन, सिक्युरिटी, आणि मामांना व्हीलचेअर सांगितली होती तिची वाट बघणं, म्हणून चार तास आधी पोचायचं ठरलं, साडेनऊला. म्हणजे घरातून पाचला.

संध्याकाळी ५, घर. रात्री ९:३०, सहार. १:३०, विमान. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:३०, न्यूअर्क. इमिग्रेशन आणि बॅगांना दोन तास, ७:३०. गाडीने पाऊण तास, ८:१५. पाच ते दुसऱ्या दिवशीचे सव्वाआठ, सव्वासत्तावीस तास.

मामा बराच वेळ गप्प होते. साडेपाचवरून सव्वासत्तावीस! मग म्हणाले, "म्हणजे डबा तीन वेळचा घ्यायला हवा." हा खरा पुणेरी निष्कर्ष, पण बरोबर आहे, विमानात दोनदा जेवण मिळतं तरी एअरपोर्टवरचे तास हिशेबात कुणी धरत नाही. घरची दशमी-चटणी सिक्युरिटीतून जाते. फक्त मेतकूट, मसाला, पिठं असली पावडर हातातल्या बॅगेत नको, अमेरिकेच्या विमानांना ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर चेक-इनच्या बॅगेतच टाका असं सांगतात.

गोळ्यांचं काय

रोज सकाळी आठला शुगरची गोळी घेणाऱ्याने विमानात काय करायचं? हे माझ्यावर किंवा व्हॉट्सअपवर सोडू नका. वरचा भारतीय वेळेचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, ते त्यावर कुठे काय घ्यायचं ते लिहून देतात, इन्सुलिन असेल तर नक्कीच जा. मामांच्या डॉक्टरांनी तो कागद बघून म्हटलं की पेशंट असा हिशेब घेऊन आला तर आमचं निम्मं काम होतं. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. एक घड्याळ पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा, मोबाइल उतरल्यावर आपोआप बदलतो आणि मग गोंधळ होतो.

झोपेची घडी बसायला आठवडा तरी लागतो, दिवसाला एखाद तास या हिशेबाने. जाताना त्यातल्या त्यात बरं, परत आल्यावर जास्त त्रास होतो. पहिल्या दिवशी तिकडे सकाळी पोचलात तर दुपारी पलंगाकडे बघायचं नाही, उन्हात फिरायचं, संध्याकाळी आठपर्यंत कसंतरी ढकलायचं. मामा दुपारी "पाच मिनिटं पडतो" म्हणून पडले ते रात्री दहाला उठले आणि पहाटेपर्यंत सोफ्यावर बसून खिडकीतून बर्फ बघत होते.

शेवटचं काम, पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवायची. मोबाइलची बॅटरी जाते, चिठ्ठीची जात नाही. मामांची अशी होती, त्यांच्याच बँकेतल्या अक्षरात:

मंगळवार १३ जाने., संध्या. ५ — घर सोडणे.
रात्री ९:३० — सहार, टर्मिनल २. व्हीलचेअर मागणे.
१:३० — विमान (तारीख बदलली, १४).
५:३० संध्या. — न्यूअर्क. तिथे सकाळचे ७. घड्याळ बदलू नये.
बॅगा ४. मोजणे.
८:१५ रात्री — एडिसन. तिथे पावणेदहा सकाळचे. पुण्याला फोन करणे, जागे असतील.